नारिंगाचा जामीन

१

नवरोजच्या तेराव्या दिवशी सकाळी यदुल्ला माळ्याने नारिंगाच्या खोडाचं हिरवं फडकं सोडलं आणि अशी बोंब ठोकली की सरूच्या झाडांवरचे सगळे कावळे एकदम उडाले. कावळे किती होते ते मी सांगत नाही. माझ्या आकड्यांवर शिराझमध्ये कोणी विश्वास ठेवत नाही.

"मारलं! माझ्या झाडाला कोणीतरी मारलं!"

मी पेटीच्या काळ्या बुरख्यातून डोकं बाहेर काढलं. मी मश्दी नबी, तूतीबागेतला फोटोवाला. माझी तिपाई मधल्या हौदापाशी, त्या नारिंगापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. धावत गेलो तर यदुल्ला गुडघ्यांवर बसलेला, शेजारी म्हातारे हाजी सफदर उभे, यदुल्लाच्या हातात हिरवं फडकं, आणि खोडावर फडक्याखाली आणखी एक पांढरी पट्टी आवळलेली. त्याने तीही ओढून काढली. आतून ओल्या मातीचा लेप धपकन खाली पडला.

लेपाखाली साल नव्हती. गुडघ्याच्याही खाली, खोडाला वेढा घालून, दोन बोटं रुंदीचा सालीचा पट्टा कोणीतरी सोलून काढला होता. आतलं लाकूड पांढरं, उघडं, हाडासारखं दिसत होतं.

"गळा चिरलाय," यदुल्ला म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बागेचे नवे अधिकारी इंजिनियर फर्झीन शिट्टीशिवाय कुठे जात नसत. त्यांनी खोड पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि तडक फाटकाकडे गेले. तुम्हाला माहीतच आहे, तेराव्या दिवशी घरात बसणं अशुभ. सगळं गाव चहाचे समोवार, गालिचे, लेट्यूसचे भारे आणि तोंडाळ सासवा घेऊन हिरवळीवर जातं. फाटकाबाहेर अर्धं शिराझ दार उघडायची वाट पाहत उभं होतं. इंजिनियरांनी आतला अडसर घातला, कुलूप लावलं आणि किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली.

"दुपारी गव्हर्नरसाहेब इथे जेवायला येणार आहेत," ते म्हणाले. "हे झाड बघायलाच येणार आहेत. कोणी केलं ते कळल्याशिवाय हे दार उघडणार नाही. ना आत कोणी, ना बाहेर कोणी."

बाहेरून कोणीतरी दारावर पळी आपटली. आत आम्ही सहा जण होतो आणि तूतीबागेच्या भिंतीवरून आजवर मांजरसुद्धा धडपणे उतरलेलं नाही.

२

गव्हर्नर एक वांझ झाड बघायला का येणार, ते सांगतो.

तूतीबागेत नारिंगं पुष्कळ. वसंतात त्यांच्या फुलांचा वास असा सुटतो की बाजारातले सोनार तोळ्याचा मासा मोजतात. फक्त हौदाजवळचं हे एक झाड नुसतंच हिरवंगार. पान आहे, काटा आहे, फूल नाही. आता असल्या झाडाला काय करतात ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकाने कुऱ्हाड घेऊन जायचं, झाडाला शिव्या घालायच्या, तोडतो म्हणायचं. दुसऱ्याने मध्ये पडायचं, "थांब, मी जामीन राहतो, पुढच्या वर्षी फळेल!" झाड घाबरतं, लाजतं, आणि फळतं. माझ्या मामाच्या अक्रोडाने तर शिव्या संपायच्या आतच अक्रोड टाकले होते, पण ते राहू दे.

मागच्या तेराव्याला सगळ्या गावासमोर हा खेळ झाला. कुऱ्हाड यदुल्लाची. त्याचा आवाज हौदाच्या पाण्यावर लाटा उठवील असा. "काय रे निकम्म्या! इतकी वर्षं पाणी पितोस आणि देतोस काय? ज्याला फळ नाही त्याचं या बागेत काम नाही! मुळासकट उपटून टाकीन आणि तुझ्या जागी दुसरं लावीन!" पब्लिक खूश. मग कापडबाजारातले हाजी सफदर पुढे आले, कुऱ्हाडीचा दांडा धरला आणि म्हणाले, "थांब, यदुल्ला. मी जामीन." त्यांनी आपल्या कमरेचं हिरवं कापड सोडून खोडाला बांधलं. मी फोटो काढला. चांगला आला, फक्त झाडामागून कोणा बाईने अंगावर पांघरलेल्या फुलाफुलांच्या चादरीचं टोक मध्ये आलं. तरीही मी तो पेटीवर डकवून ठेवलाय, नमुना म्हणून.

पुढे वर्षभर बाजारात एकच चेष्टा. "हाजीआगा, तुमचं कूळ काय म्हणतंय?" गोष्ट गव्हर्नरपर्यंत गेली. झाडाने जामिनाची अब्रू राखली की नाही ते बघायला ते येणार होते.

"म्हणजे कुऱ्हाडवाला सापडलाच आहे," इंजिनियर म्हणाले. "मागच्या वर्षी अख्ख्या गावादेखत धमकी दिली. यदुल्ला, दुपारपर्यंत फाटकाजवळच्या दोन खोल्या रिकाम्या कर. बाहेर पोलीस उभा असेल."

यदुल्लाला क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाला, "साहेब, तो खेळ होता."

"हाही खेळच आहे का?" इंजिनियरांनी उघड्या लाकडाकडे बोट केलं.

यदुल्लाने मागे वळून पाहिलं. त्या खोल्यांच्या दारात त्याची बायको गुलअंदाम चहाचा ट्रे घेऊन उभी होती. लग्न होऊन आली ती त्याच दारातून आत, आणि त्यानंतर ती बागेबाहेर फारशी कोणी पाहिली नव्हती. ट्रेवरचे पेले भरलेले होते आणि एकही हिंदकळत नव्हता.

"किल्ली दे रे फर्झीन," हौदाच्या कठड्यावरून आवाज आला. "नाहीतर मला काम दे. बसून माझे गुडघे धरतात."

३

तूबा खानम. दातांची डॉक्टर. आता निवृत्त, पण शिराझमधल्या अर्ध्या लोकांचे अक्कलदाढांपासून सगळे दात तिने पाहिलेले. पहाटे दार उघडायच्या आधी तिला आत सोडायची वहिवाट जुन्या अधिकाऱ्यांपासूनची. फेऱ्या मारायची, मग हौदावर बसून बडीशेप चघळायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हसायला लावून त्यांचे दात बघायची.

"डॉक्टरखानम, हे सरकारी काम आहे," इंजिनियर म्हणाले.

"तुझे दुधाचे दात मी काढलेत. तू माझ्या बोटाला चावला होतास. तेव्हाही सरकारी कामच होतं, शाळेतली तपासणी. सरक."

ती झाडापाशी बसली. पर्समधून तिने तो लांब दांड्याचा, नाण्याएवढा आरसा काढला, जो पाहिला की अजूनही माझी दाढ ठणकते. खोडाच्या चारी बाजूंनी आरसा फिरवला. सोललेल्या कडेवरून नख फिरवलं. पडलेला लेप चिमटीत घेऊन कुस्करला.

"नबी, इकडे ये. काय दिसतं?"

"खून दिसतो, खानम. भाल्याने केलेला. मारेकरी बुटका आणि डावखुरा."

"तुझ्या थापा तुझ्या गिऱ्हाइकांना सांग. जा, बस."

मग ती इंजिनियरांकडे वळली. "झाड मारायचं असतं तर काय केलं असतं रे? कुऱ्हाड कमरेइतक्या उंचीवर बसते. सपासप घाव पडतात, चिपा उडतात. इथे एक चीप नाही. कड बघ, दह्यावरची साय कापावी तशी. आणि हा पट्टा पुरा वेढा नाही. मागच्या बाजूला, झाडाच्या पाठीशी, बोटभर साल मुद्दाम सोडलीय. तेवढ्या वाटेने झाडाचं पोट चालतं. वरून मातीचा लेप, लेपावर पट्टी. मारणारा कधी जखमेला मलमपट्टी करतो का?"

"मग हे काय आहे?"

तूबा खानम आरसा रुमालाने पुसत म्हणाली, "खून नाही, बाळा. इलाज आहे."

बाहेर कोणीतरी ढोलकं वाजवायला सुरुवात केली होती.

इंजिनियर चिडून म्हणाले, "इलाज असेल तर इलाज करणारा लपतो कशाला?"

"हाच प्रश्न विचारत बसायचंय मला आता," ती म्हणाली. "एकेक जण या. तोंड उघडं ठेवा."

४

पहिला नंबर इंजिनियरांचाच लागला.

"या झाडाच्या जागी सिमेंटचं हंसाचं कारंजं बसवायचं, असं तू म्हणाला होतास ना?"

"हो. हंसाच्या चोचीतून पाणी येणार होतं. त्यात गुन्हा काय?"

"गुन्हा कारंज्याच्या सौंदर्याचा. पण तुला झाड मेलेलं हवं होतं, बरं झालेलं नव्हे. तू सुटलास. पुढचा."

पुढचा मी.

"हे झाड तुझ्या पेटीवर सावली पाडतं म्हणून तू वर्षभर कुरकुरतोस."

"खानम, मी कांदा सोलताना बोट सोलतो. माझ्या बायकोला विचारा."

"तिला विचारायची गरज नाही, तुझ्या सगळ्या फोटोंमध्ये लोकांची डोकी कापलेली असतात. तू सरळ कड कापूच शकत नाहीस." मग तिने पेटीवरच्या फोटोकडे नजर टाकली आणि बराच वेळ पाहत राहिली. "हा मागच्या तेराव्याचा?"

"हो. ही चादर मध्ये आली नसती तर नामी होता."

"हं," ती म्हणाली. दातांचे डॉक्टर असं 'हं' म्हणतात तेव्हा आपण खुर्चीचे दांडे धरतो.

यदुल्ला आला तो उन्हात उभाच राहिला.

"बस. ओरडणारा माणूस बसला की खरं बोलतो. घरी कोण कोण?"

"मी आणि ही. दुसरं कोण असणार?" तो हातांकडे बघत म्हणाला. "बहीण येते दर जुम्म्याला. डोकं खाते. 'दुसरी कर, दुसरी कर.' मी म्हणतो, बये, मला माझी झाडं आवरत नाहीत. आजही येणार आहे, बाहेरच असेल पातेलं घेऊन."

"गुलअंदाम काय म्हणते त्यावर?"

"ती काय म्हणणार? चहा टाकते."

"माहेर कुठलं तिचं?"

"जहरूमकडचं. तिकडे नारिंगाशिवाय दुसरं काही दिसत नाही. सासऱ्याची बाग होती, गेली बिचाऱ्याबरोबर. पण झाडाचं बोला ना खानम. जगेल का?"

"हे फडकं तूच सोडलंस सकाळी. का?"

"हाजीआगांना दाखवायला. वर्षाची मुदत भरली, त्यांच्यादेखत त्यांचं कापड सोडावं, एखादी कळी दिसते का बघावं म्हटलं. ते पहाटेच आले, रात्रभर झोपले नाहीत म्हणे. मीच आत घेतलं त्यांना."

"म्हणजे तू केलं असतंस तर जामिनासमोर स्वतःच्या हाताने उघडलं नसतंस."

यदुल्लाने डोळे पुसले. "एवढं साहेबांना सांगा ना."

"सांगेन. पण त्याने दार उघडणार नाही. फर्झीनला माणूस हवाय."

गुलअंदाम मध्येच चहा ठेवून गेली. जाता जाता तिने खोडाजवळ पडलेलं पाण्याचं लहान मडकं उचललं आणि पदराआड धरल्यासारखं अंगावरच्या चादरीखाली घेतलं. मी पाहिलं. तूबा खानमने पाहिलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

ऊन भिंतीच्या वर चढलं. हौदाच्या चारी बाजूंनी सरू रखवालदारासारखे उभे, आणि बाहेर सगळं गाव हसतंय, खातंय, आणि आम्ही, ज्यांना या हिरवळीतून हाकलायची कोणाची हिंमत नव्हती, तेच तिच्यात कोंडलेले. मला एकाएकी वाटलं की या भिंती फार उंच आहेत. इतक्या वर्षांत मी कधी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

५

हाजी सफदर आले. पाऊणशे ओलांडलेला माणूस. बशी हातात घेतली की पेला तिच्यावर टाळ वाजवतो. बाजारात त्यांनी 'मी आहे' म्हटलं की कागद लागत नाही.

तूबा खानमने ती पांढरी पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. लांब, अरुंद, मऊ सुती कापड. दोन्ही टोकांना हाताने शिवलेल्या नाड्या. मातीने मळलेलं, पण कधी वापरलेलं नसावं असं नवंकोरं.

"हाजीआगा, कापड तुमचं. हे बँडेज नाही, बरं का. बँडेजला नाड्या नसतात. कशाचं आहे?"

हाजींच्या हातातली जपमाळ खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. त्यांनी एकदाच, अगदी झटकन, फाटकाजवळच्या दोन खोल्यांकडे पाहिलं. मग ताठ बसले.

"मीच केलं," ते म्हणाले.

"काय?"

"हे. झाड. मी केलं. मी जामीन होतो, अब्रू जात होती. कुठेतरी ऐकलं होतं की साल काढली की झाड फळतं. दुकानातून कापड आणलं आणि केलं. फर्झीनला सांगा. यदुल्लाला सोडा."

इंजिनियर जवळच कान लावून उभे होते. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि किल्ली बाहेर काढली. "मिळाला! हाजीआगा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण सरकारी झाड आहे. चला."

यदुल्ला धावत आला. "हाजीआगा, तुम्ही?"

"थांब," तूबा खानम म्हणाली. "एक चहा होऊ दे आधी. गुलअंदाम, हाजीआगांना पेला दे."

गुलअंदामने पेला दिला. हाजींनी बशी धरली. टण् टण् टण् टण्. अर्धा चहा बशीत, अर्धा अंगरख्यावर.

"हाजीआगा," तूबा खानम अगदी हळू म्हणाली, "तुमच्या दातांची कवळी मी बसवली. तुम्हाला ती स्वतःला लावता येत नाही, सून लावते. या हातांनी तुम्ही दह्यावरची साय कापाल?"

"तेव्हा हात थरथरत नव्हता."

"तेव्हा म्हणजे कधी? लेप आज सकाळी ओला होता. एवढ्या उन्हात माती एका दिवसात भाकरीसारखी तडकते. कोणीतरी ती रोज भिजवत होतं, आणि आजही भिजवली, बाग उघडायच्या आधी. तुम्ही आज पहिल्यांदाच पहाटे आलात आणि यदुल्लाची नजर तुमच्यावरून हलली नाही. मी आणि नबी तुमच्या मागून आलो. फर्झीन शेवटी. म्हणजे भिजवणारा माणूस या भिंतींच्या आतच झोपतो."

इंजिनियरांनी किल्ली पुन्हा खिशात टाकली. "मी सकाळपासून काय सांगतोय? यदुल्ला!"

"कापही खाली बसून केलेला, शांतपणे, पातेलं घासायला बसावं तसा," ती पुढे बोलायला लागली आणि थांबली. तिने माझ्या पेटीवरून तो फोटो काढून घेतला होता. तो तिने उलटा करून मांडीवर ठेवला.

"पुढे?" इंजिनियर म्हणाले.

"पुढचं मी सांगणार नाही. तोंड जबरदस्तीने उघडलं की दात तुटतो. हाजीआगांना कापड ओळखता आलं आणि ते गप्प बसले. मीही बसते."

"मग दार बंदच राहील! गव्हर्नरसाहेब बाहेर उभे राहिले तरी बंद राहील!"

यदुल्लाने इकडेतिकडे पाहिलं. त्याला वाटलं, सगळे त्याच्याबद्दलच बोलताहेत आणि त्याची कीव करताहेत. त्याने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"आत झोपणारा मीच की," तो म्हणाला. "काय लिहायचं ते लिहा. म्हातारा माणूस माझ्यापायी खोटं बोलायला लागला, एवढं पुरे झालं. दार उघडा. खोल्या संध्याकाळपर्यंत देतो. फक्त हिला जहरूमच्या गाडीत बसवून द्या, तिला एकटीला प्रवास जमत नाही."

मागे काहीतरी फुटलं. ते लहान मडकं होतं.

"मी केलं," गुलअंदाम म्हणाली.

६

तिचा आवाज मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा धड ऐकला. मोठा नव्हता. पण बाहेरचं ढोलकं नेमकं त्याच वेळी थांबलं. हे मी रचून सांगत नाही, खरंच थांबलं.

"अब्बा करायचे," ती म्हणाली. "जहरूमला. जे झाड रुसतं त्याची अशी साल काढायचे, फुलं यायच्या आधी. मी नुसतं पाहिलेलं. मागे बोटभर ठेवायची एवढं आठवत होतं. तुम्ही कालव्याच्या पाण्यावर जायचात तेव्हा केलं. हाजीआगांचं फडकं वर होतंच, दिसणार नव्हतं."

"अगं पण मला सांगायचं!" यदुल्ला म्हणाला. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"तुम्ही आज कुऱ्हाड आणणार होतात."

"कुऱ्हाड? अगं, तो खेळ! दरवर्षी कोणी ना कोणी करतो. तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे."

"मग?"

ती मग जमिनीकडे बघत, शब्द न शब्द, जसाच्या तसा म्हणाली, "ज्याला फळ नाही त्याचं या बागेत काम नाही. मुळासकट उपटून टाकीन. आणि तुझ्या जागी दुसरं लावीन."

यदुल्लाच्या चेहऱ्यावरून आधी राग गेला, मग रंग गेला.

"मी झाडाला म्हणालो होतो!"

"मी झाडाच्या मागे उभी होते."

तूबा खानमने फोटो सरळ केला आणि यदुल्लाच्या हातात दिला. त्यात तो स्वतः, कुऱ्हाड उगारलेला, तोंड वासलेला. हाजी, हात पुढे केलेले. आणि खोडाच्या मागे ती फुलाफुलांची चादर, जी आत्ता त्याच्या समोर उभी होती, तीच फुलं, थोडी विटलेली.

"लोक टाळ्या वाजवत होते," गुलअंदाम म्हणाली. "झाडाला हाजीआगा मिळाले. मला वाटलं, झाड फळलं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "पट्टी घरात पडूनच होती. लग्नाच्या वर्षी शिवलेली. तान्ह्याला दुपट्यात गुंडाळलं की वरून बांधायला. म्हटलं, कोणाच्या तरी कामाला येईल."

हाजींनी आपली जपमाळ शोधायच्या निमित्ताने मान खाली घातली. त्यांनी ते कापड स्वतःच्या हाताने फाडून दिलं होतं, तिच्या लग्नाच्या वर्षी, आणि वर एक हात जास्तीचं, शकुनाचं. त्यांना आठवत होतं.

यदुल्लाला मी ओळखतो. तो मुंग्यांशीही ओरडून बोलतो. पण त्या वेळी त्याने फक्त ते हिरवं फडकं उचललं, हाजींचं, जामिनाचं. दातांनी मध्ये एक चीर पाडली आणि टरकन दोन तुकडे केले. एक तुकडा त्याने खोडाला बांधला, मातीचा लेप पुन्हा थापून, ती पांढरी पट्टी आधी नीट गुंडाळून. दुसरा घेऊन तो फाटकाजवळ गेला आणि आपल्या दोन खोल्यांच्या दाराच्या कडीला बांधायला लागला. कलम बांधायची गाठ त्याला डोळे मिटून येते. ही काही केल्या बसेना. तीनदा सुटली. शेवटी हाजी उठले, आपलं थरथरतं बोट गाठीवर धरलं, आणि यदुल्लाने ती आवळली.

"हाजीआगा," तो म्हणाला, "झाड तुमच्याकडे. हे माझ्याकडे."

गुलअंदाम वळली आणि आत गेली. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि मग समोवारमध्ये पाणी ओतल्याचा.

"आता अहवालात मी काय लिहू?" इंजिनियरांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांच्या दुधाच्या दातांच्या वयाचा झाला होता.

"लिही, झाडाचा दात दुखत होता, बघितला," तूबा खानम म्हणाली. "आणि दार उघड. माझ्या गुडघ्यांचा आणि गावाचा जीव घेऊ नकोस."

किल्ली कुलपात अडकली. कितीही फिरवली तरी फिरेना. तेव्हा खरा घाम फुटला सगळ्यांना. शेवटी यदुल्लाने खांदा दिला, मीही दिला, आणि दार असं उघडलं की अर्धं शिराझ आमच्या अंगावर आलं, लेट्यूस, गालिचे, कोंबड्या, सासवा, सगळं.

सगळ्यात पुढे यदुल्लाची बहीण, डोक्यावर पातेलं. तिने कडीवरचं हिरवं फडकं पाहिलं.

"हे काय रे? कोण आजारी आहे?"

"इथे जामीन लागलाय," यदुल्ला म्हणाला. "आता तो विषय या दारात काढायचा नाही. पातेल्यात काय आणलंयस?"

गव्हर्नर दुपारी आले, भरपूर जेवले, आणि झाडाखाली झोपले. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

मी मात्र त्या दिवशी दुसरा फोटो काढला. तिपाई उचलून झाडाच्या दुसऱ्या बाजूला नेली, आणि गुलअंदामला पुढे उभं केलं. ती उभी राहीना. मग तूबा खानम तिच्याजवळ गेली, आरसा दाखवून म्हणाली, "तोंड उघड," आणि ती हसली. तेवढ्यात मी झाकण उघडलं. डोकी कापली गेली नाहीत. तूबा खानमचं थोडंसं, पण तिची हरकत नव्हती.

आता तुम्ही विचाराल, त्या हिवाळ्यात झाडाला फळं किती आली. मी आयुष्यभर थापा मारल्या, म्हणून लोक माझ्याकडे मोठा आकडा ऐकायच्या तयारीने बघतात. बाजारात मी चार हजार सांगतो. तुम्हाला खरं सांगतो, आणि हे कुठे बोलू नका, माझं नाव खराब होईल.

एक.

पिकून पिवळंधमक झालं तरी ते कोणी तोडलं नाही. यदुल्ला त्याच्याखालून जाताना अजूनही आवाज खाली घेतो.